देश, काल, पात्र

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपण सारे शाळेत शिकलो. या व्याख्येत न बसणारे पाहुणे आपल्याकडे दरवर्षी येतात. गणपती पोहोचवून लोक घरी परततात न परततात तोच नदीतल्या खडकांवर करडा धोबी शेपटी नाचवीत हिंडू लागतो. दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. ज्वारीच्या कणसात दाणा भरू लागला की आभाळ काळवंडून टाकीत भोरड्या येतात. यांची तिथी पंचांगात छापलेली नसते, पण त्यांना ती ठाऊक असते. ही पाखरे आवतणाशिवाय येतात, निरोप न घेता जातात, आणि मधल्या काळात आपल्या अन्नात वाटा घेतात. अशा वाटसरूपुढे माणूस आपण होऊन मूठभर दाणे ठेवतो तेव्हा तो नेमके काय करतो, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. पाखराला दाणा घालण्याइतके निरुपद्रवी कृत्य दुसरे कोणते असणार, असे कोणी विचारील. मलाही तसेच वाटत असे.

आपल्याकडे हे कृत्य नवे नाही. पूर्वी घरोघर वैश्वदेव होई, तेव्हा शिजलेल्या अन्नातला थोडा भाग भूतमात्रांसाठी बाहेर ठेवला जाई. तो कावळ्याने नेला, कुत्र्याने खाल्ला, की मुंग्यांनी ओढला, याची चौकशी कोणी करीत नसे. ठेवणारा गृहस्थ पाठ फिरवून आत येई आणि आपल्या पानावर बसे. त्या पाठ फिरवण्यात मला पुष्कळ अर्थ दिसतो. अपवाद एकच, दहाव्याच्या पिंडाचा. तेथे मात्र सारे गोत्र कावळ्याकडे डोळे लावून उभे असते, आणि तो लवकर शिवला नाही तर मृताच्या अपुऱ्या इच्छांची यादी सुरू होते. पण तेथे कावळ्याची भूक हा विषयच नसतो.

ज्वारीच्या शेताची गोष्ट निराळी. मध्य आशियाच्या आणि पूर्व युरोपच्या गवताळ मुलखातून निघालेली भोरडी पावसाळा सरण्यापूर्वीच आपल्या देशात शिरते आणि एप्रिलपर्यंत राहते. सोलापूर-मराठवाड्याकडचा शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, पत्र्याचा डबा बडवतो, घसा बसेपर्यंत ओरडतो. त्याच्या लेखी ती पाहुणी नव्हे, दरोडेखोर. तीच भोरडी विणीच्या प्रदेशात टोळांचा फडशा पाडते. म्हणून शिनजियांगमध्ये तिने वस्तीला यावे यासाठी तिला घरट्यांच्या जागा बांधून देतात. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला गोफणीचा धोंडा, आणि दोन्हीकडची माणसे आपापल्या परीने बरोबर!

तुकोबांच्या चरित्रात अशीच एक राखणीची कथा सांगितली जाते. शेत राखायला बसवलेल्या तुकोबांनी पाखरांना हाकलले नाही. ती पोटभर खाऊन गेली, मालक खवळला, पंच बसले, आणि अखेर धान्य मोजले तेव्हा ते उलट कितीतरी जास्त भरले. कथा गोड आहे, पण तिच्यातल्या चमत्काराशी माझे कधी जमले नाही. धान्य तुकोबांचे नव्हते, मालकाचे होते. दुसऱ्याच्या धान्याचे दान करता येते काय, हा पंचांपुढचा खरा प्रश्न. चमत्काराने तो सोडवला नाही, नुसता मिटवला. खळ्यात धान्य कमीच भरले असते तर? तुकोबा त्याच जागी त्याच निश्चिंतपणे उभे राहिले असते, याविषयी मला शंका नाही. पण मालकाच्या घरी त्या वर्षी भाकरी कमी पडली असती, याविषयीही नाही.

जेथे धान्य स्वतःचे, अंगण स्वतःचे, आणि पाखराचा कोणाला उपद्रव नाही, तेथे तरी हा गुंता नसावा. असे ठिकाण मला इंग्लंडात पाहायला मिळाले. मुलगी तेथे नोकरी करते; दोन हिवाळे मी तिच्याकडे काढले. त्या देशात लाखो घरांच्या परसात पाखरांसाठी खाऊ टांगलेला असतो. जाळीच्या एका नळीत सोललेले शेंगदाणे, दुसरीत सूर्यफुलाचे बी, आणि शेजारी पेरूएवढाले चरबीचे गोळे. त्या साधनाला तिकडे फीडर म्हणतात. आपण दाणापात्र म्हणू. एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. हे पात्र परसात कोठेही टांगता येते, पण टांगलेले असते ते स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. वैश्वदेवातला गृहस्थ पाठ फिरवून आत जाई. येथला गृहस्थ खुर्ची ओढून समोर बसतो. हातात चहाचा पेला, खिडकीच्या कट्ट्यावर दुर्बीण. म्हणजे दाणे हे एका अर्थी पाहण्याचे भाडे झाले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाची प्रतवारी आहे. तिच्या हिशेबाने हे दान राजस ठरेल, कारण मोबदल्यावर डोळा आहे, अगदी शब्दशः. परंतु त्या खिडकीत मीही बसलो आहे आणि त्या मोबदल्याला हलका म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. डिसेंबरात तेथे दुपारी चारला अंधार पडतो. दिवसभर घरात दुसरे माणूस नसते. अशा वेळी काचेपलीकडे काहीतरी जिवंत, उबदार, घाईत असलेले येऊन बसते, आणि आपण श्वास रोखून पाहत राहतो. त्या दोन मिनिटांसाठी माणसाने आठवड्याला एक पिशवी दाणे विकत घेतले तर सौदा वाईट नाही.

त्या पाखरांत एक करड्या अंगाचा, चिमणीहून सडपातळ असा वटवट्या होता. नराच्या डोक्यावर कोरून बसवल्यासारखी काळी टोपी, मादीची टोपी तांबूस. इंग्रजीत त्याला ब्लॅककॅप म्हणतात. दिसायला गरीब, पण दाणापात्रापाशी भारी भांडखोर. दुसऱ्या पाखरांना तो चरबीच्या गोळ्याजवळ फिरकू देत नसे. शेजारच्या बाई त्याला कौतुकाने 'आमचा ब्लॅककॅप' म्हणत. या 'आमचा' शब्दात मोठी गंमत आहे. इंग्लंडात उन्हाळ्यात हे पाखरू असतेच. बागेत घरटे करते, फार सुरेल गाते, आणि थंडी येताच भूमध्य सागराकडे निघून जाते. त्यामुळे हिवाळ्यात एखादा दिसला तर तो मागे रेंगाळलेला घरचाच, असा पुष्कळ काळ समज होता. पायात कड्या घातलेले पक्षी सापडू लागले तेव्हा उलगडा झाला. हिवाळ्यातले हे पाखरू परके असते, युरोप खंडातून, मुख्यतः जर्मनी-ऑस्ट्रियाकडून आलेले. घरचा स्पेनकडे गेलेला असतो आणि त्याच्या झुडपात दुसराच येऊन बसतो.

खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. मध्य युरोपातल्या या पाखरांची जुनी वाट नैर्ऋत्येची, स्पेनकडची. १९६० च्या सुमारापासून वायव्येला ब्रिटनकडे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पीटर बर्थोल्ड या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये हिवाळ्यात पकडलेली काही पाखरे जर्मनीत नेऊन त्यांची वीण केली. पिले पिंजऱ्यात जन्मली, पिंजऱ्यात वाढली. त्यांनी ब्रिटन पाहिले नव्हते की कोणाबरोबर प्रवास केला नव्हता. तरीही शरद ऋतूच्या रात्री ती अस्वस्थ होऊन फडफडू लागली ती आईबापांच्याच दिशेला. १९९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवी वाट ही शिकलेली सवय नव्हती, ती रक्तात उतरलेली होती. जन्मतःच थोडी तिरपी दिशा घेऊन निघणारी पाखरे पूर्वीही असणारच. पण ती ब्रिटनच्या थंडीत मरत, आणि त्यांची चूक त्यांच्याबरोबर संपत असे. आता ती मरेनाशी झाली. हिवाळे सौम्य होऊ लागले होते आणि परसापरसांत चरबीचे गोळे टांगलेले होते. ब्रिटनमधल्या बागांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसले, की जेथे खाऊ नियमाने मिळतो आणि थंडी बेताची असते, त्या बागा या पाखराने धरल्या. ब्रिटनची वाट आखूड, म्हणून ही पाखरे वसंतात लवकर घरी पोहोचतात आणि बरेचदा आपसातच जोड्या जमवतात. २००९ साली जर्मनीतल्या अभ्यासकांनी मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत ब्रिटनला जाणाऱ्यांचे पंख स्पेनला जाणाऱ्यांपेक्षा किंचित गोलाकार आणि चोच किंचित लांबट-अरुंद आढळली. तीस पिढ्यासुद्धा उलटल्या नव्हत्या!

हे वाचले त्या रात्री मला पुन्हा सतरावा अध्याय आठवला. सात्त्विक दान देश, काल आणि पात्र पाहून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. येथे सारे उलटे झाले होते. दानानेच घेणाऱ्याचा देश बदलला, त्याच्या परतण्याचा काल बदलला, आणि आता तर खुद्द पात्राची चोच नि पंख बदलत चालले होते. जे देश-काल-पात्र पाहून द्यायचे तेच जर देण्याने पालटत असेल, तर पाहायचे काय?

आता कोणी म्हणेल, यात बिघडले कोठे? मरणारे पाखरू जगले. पाखरांच्या वाटा हिमयुगांपासून बदलत आल्या आहेत, ही त्यांतलीच आणखी एक. हे मला मान्य आहे आणि त्या बदलाला मी अनिष्ट म्हणत नाही. मला अस्वस्थ करते ते निराळेच. हा बदल कोणी केलाच नाही. आपण कर्माचा विचार हेतूवरून करतो. खून आणि अपघात यांत भेद करतो तो त्याच आधारावर. येथे लाखो माणसांनी लाखो सकाळी एकेक मूठ दाणे ठेवले. त्यांतल्या एकाच्याही मनात नव्हते की एका जातीच्या पाखराची दिशा आपण फिरवावी. एका मुठीने ती फिरलीही नसती. जी बेरीज तिच्यातल्या एकाही आकड्याला ठाऊक नसते, त्या बेरजेचा धनी कोण?

दुसऱ्या एका बेरजेचा हिशेब तर अधिक कडवट आहे. ग्रीनफिंच हे ब्रिटनच्या परसातले अगदी नेहमीचे हिरवट पाखरू. २००५ पासून त्याच्यात घशाच्या एका रोगाची साथ पसरली. आजारी पाखराच्या तोंडातून सांडलेले दाणे दुसरे उचलते आणि रोग पुढे जातो. पूर्वी आपल्या जत्रांतून पटकी पसरे, त्यातलाच हा प्रकार. जेथे पंगत, तेथे साथ. २०२१ साली ब्रिटनमध्ये ग्रीनफिंचचे नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स ही तिकडची जुनी संस्था. तिने २०२५ च्या आरंभी सपाट फळीची दाणापात्रे विकणे थांबवले. ज्यांच्या परसात ही पाखरे मेली त्यांचा त्या पाखरांवर लोभ होता. लोभ नसता तर ती इतक्या दाटीने तेथे जमलीच नसती.

मग घालूच नयेत काय दाणे? हे उत्तर मला फार सोपे वाटते. आपले हात स्वच्छ राहावेत एवढीच त्याची धडपड आहे. (शहरांतल्या कबुतरखान्यांचा वाद मी येथे बाजूला ठेवतो. कबुतर कोठेही जात नाही. माझा प्रश्न जाणाऱ्याविषयी आहे.) गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे कुरव पक्षी लागतात. लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांपाशी जन्मलेली ही पाखरे. त्यांच्या चोचीत लोक गाठ्या आणि वेफर टाकतात, फोटो काढतात, आणि धक्का आला की उतरून जातात. उद्या तो पक्षी काय खाईल हा प्रश्न तिकिटात धरलेला नसतो. त्या दृश्याचा मला मनापासून कंटाळा येतो. पण दाणा घालणाऱ्या सगळ्यांना या एका माळेत ओवता येत नाही, कारण राजस्थानात खीचन नावाचे गाव आहे.

फलोदीजवळच्या या गावी दर हिवाळ्यात कांड्या करकोचे उतरतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ माळांवरून निघून, हिमालय ओलांडून ते येतात. १९७० नंतरच्या दशकात तेथल्या एका जैन गृहस्थाने कबुतरांसाठी टाकलेले दाणे काही कुरजां टिपू लागल्या. पुढल्या वर्षी आणखी आल्या, त्याच्या पुढल्या वर्षी आणखी. आज त्या हजारोंनी येतात. त्यांच्यासाठी कुंपण घातलेले चुग्गाघर आहे, म्हणजे कुत्री आत शिरू नयेत. ज्वारीची पोती येतात, त्यांचे पैसे गावातली आणि व्यापारासाठी दूर गेलेली कुटुंबे भरतात. विजेच्या तारांना धडकून पक्षी मरू लागले, तेव्हा तारा हलवण्यासाठी गावकरी झगडले. जून २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळीला रामसर यादीत स्थान मिळाले. गर्दीचे भय तेथेही आहेच. त्याच मारवाडात कापरडा येथे २०२१ च्या नोव्हेंबरात बर्ड फ्लूने कुरजांचा मोठा बळी घेतला. देश-काल-पात्राचे माझे कोडे खीचन सोडवीत नाही. पण तेथे मला भावते ती भूतदया नव्हे. भूतदया लाँचवरही असते. भावतो तो हिशेब. किती पोती, कोणाची वर्गणी, कुंपण कोठे तुटले, जखमी पाखरू कोणाच्या घरी ठेवले. अन्नछत्र घालणारे जुने लोक त्याच्या नावाने जमीन लावून देत, ते याच बुद्धीने. आपण मेल्यावर उपाशी माणसे दाराशी येतील आणि दार बंद असेल, हे त्यांना दिसत असे.

शेजारच्या बाईंना ते दिसले होते. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. डिसेंबरात एकदा कुंपणापलीकडून त्यांनी मला विचारले, "मला काही झाले तर हे कोण भरील?" मी म्हटले, "आम्ही आहोत ना." आपल्याकडे कोणीही असेच म्हणतो. जानेवारीत त्यांना इस्पितळात नेले. त्याच आठवड्यात कडक हिमतुषार पडले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या रिकाम्या जाळीवर काळी टोपी बसलेली मला दिसली.

मग रोज सकाळी मी त्यांच्या फाटकातून आत जाऊ लागलो. त्या करीत तसे पात्र कढत पाण्याने धुऊन, पुसून, भरून टांगायचे. बोटे बधिर होत. त्यांचे पात्र त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होते, आणि ती खिडकी आता रिकामी होती. आमच्या घरातून त्या जागेची कडच काय ती दिसे. कोण आले, कोणी खाल्ले, काही कळत नसे. म्हणजे नकळत मी वैश्वदेवातल्या गृहस्थासारखा पाठ फिरवून परत येत होतो. त्यामुळे माझे दान राजसाचे सात्त्विक झाल्याचे काही जाणवले नाही. थंडी मात्र जास्त वाजली. एवढे खरे, की जे एरवी हौसेने केले असते ते आता चुकवता येत नव्हते. एक दिवस ताप होता तरी गेलो. त्या पाखराची जर्मनीतून येथवर आलेली वाट ज्या हजारो हातांनी तयार केली, त्यांत माझा हात नव्हता. पण त्या वाटेचे शेवटचे टोक आता माझ्याकडे होते.

फेब्रुवारीअखेरचे माझे परतीचे तिकीट काढलेले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, मी सकाळी सहाला घर सोडते. तुम्ही गेल्यावर किती दिवस घालायचे?"

"तो आपण होऊन जाईपर्यंत. मार्च संपेतो."

"आणि ऑक्टोबरात परत आला तर?"

अभ्यासकांनी पाहिले आहे, की ही पाखरे वर्षानुवर्षे त्याच बागेत परत येतात. ते मी तिला सांगितले. ती काही बोलली नाही.

बाई घरी परत आल्या नाहीत. त्यांच्या घरावर विक्रीची पाटी लागली. एप्रिलात एका संध्याकाळी मुलीने फोन खिडकीबाहेर धरून मला त्या पाखराचे गाणे ऐकवले. भरभर, खालच्या पट्टीत सुरू होऊन अखेरीस बासरीसारखे मोकळे होणारे. "हा आपलाच आहे, की स्पेनहून परत आलेला?" तिने विचारले. मी म्हटले, गाण्यावरून सांगता येत नाही, टोपीवरूनही नाही. बाईंचे दाणापात्र तिने काढून आणले आहे. धुऊन, मागच्या पायरीवर पालथे घालून ठेवले आहे. ते कोठे टांगायचे, हे अजून आमचे ठरलेले नाही. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर जर्मनीतली पाखरे निघालेली असतील.